बॅडमिंटनच्या एकेरीत व्यावसायिक वाटचाल सुरू करताना

वरिष्ठ गटात उतरताय, हे उत्तमच. फक्त पहिल्या वर्षी क्रमवारीच्या मागे धावू नका. जागतिक क्रमवारीत मागील 52 आठवड्यांतील सर्वोत्तम 10 स्पर्धांचेच गुण धरले जातात, त्यामुळे दर आठवड्याला नवी स्पर्धा गाठत सुटल्यास पाय थकतात, खिसाही रिकामा होतो. आधी इंटरनॅशनल सिरीज आणि इंटरनॅशनल चॅलेंज या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या खालच्या स्तरांवर भरपूर सामने खेळून घ्या.

नवोदितांची नेहमीची चूक म्हणजे स्मॅशवरची भिस्त. मागच्या कोपऱ्यातून जोरदार फटका मारल्यावर मध्यभागी परतायला अर्धे पाऊल उशीर झाला, की प्रतिस्पर्धी शटल विरुद्ध कोपऱ्यात नेटजवळ अलगद ठेवतो आणि तिथे तुम्ही पोहोचूच शकत नाही. म्हणून पदलालित्यावर सर्वाधिक वेळ द्या. गुडघा किंवा घोटा दुखत असताना खेळणे हा पराक्रम नव्हे. फसव्या फटक्यांचे बारकावे तूर्त बाजूलाच राहू द्या.