वायरमनला विचारा: शपथ घेऊन युनिट कमी होतात का?

(खांबावर चढण्यात आणि डीपीशी, म्हणजे गल्लीगावाला वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशी, झटापट करण्यात माझी चौतीस वर्षं गेली. लागलो तेव्हा वीज मंडळ होतं, निवृत्त झालो तेव्हा कंपनी होती. या महिन्यात पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्याचंच उत्तर लांबलं, संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

प्रश्न : दरवर्षी डिसेंबरात मुलीच्या शाळेत वीज कंपनीची माणसं येतात. मुलांना वीजबचतीची शपथ देतात, प्रभातफेरी काढतात, चित्रकला स्पर्धा घेतात. मग मुलगी घरी येऊन माझ्या मागं लागते, पंखा बंद कर, टीव्ही बंद कर. वीज विकणारी कंपनीच वीज कमी वापरा असं का सांगते? आणि त्या शपथेनं कुणाचं एक तरी युनिट कमी झालंय का? – एक गृहिणी, विडी घरकुल

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथं माझीच फजिती झालेली आहे.

14 डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. 1991पासून पाळतात. एका वर्षी ऐनवेळी साहेबांना मीटिंग लागली आणि अक्कलकोट रोडकडच्या एका शाळेत बोलायला मला धाडलं. मी जोरात बोललो. 60 वॅटचा पिवळा बल्ब काढून 9 वॅटचा एलईडी लावला तर उजेड जवळपास तेवढाच, आणि रोज पाच तासांच्या हिशेबानं महिन्याला साडेसात युनिट वाचतात, वगैरे. टाळ्या पडल्या. मग मागच्या बाकावरची दोन वेण्यांची एक मुलगी उठली. म्हणाली, "काका, तुमच्या घरी किती युनिट पडतात?"

आता काय सांगू? आयुष्यात हजारो मीटर बसवले, पण घरचं बिल बायको भरायची. दीडशे असतील, असं ठोकून दिलं. घरी येऊन बिल काढलं तर 262. बायको भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "फ्रीजच्या दाराचं रबर फाटलंय म्हणून दोन वर्षं सांगतीय. तुम्हाला गावाचे फ्यूज बांधायला वेळ आहे." दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढली, तर लोण्यातून सुरी निघावी तशी अलगद बाहेर. म्हणजे फ्रीज रात्रंदिवस स्वयंपाकघर गार करत होता. रबर बदललं, फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढं ओढला, रात्री सेट टॉप बॉक्सचं बटण भिंतीवरून बंद करायला लागलो. तो बॉक्स नुसता पडून आठ-दहा वॅट खातो, चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला सहा-सात युनिट होतात. दोन महिन्यांनी बिल दोनशेच्या आत आलं. शपथ मुलांनी घेतली आणि युनिट माझे कमी झाले.

तेव्हा ताई, मुलीवर चिडू नका, तिला काम द्या. दर रविवारी मीटरचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लावा. चार रविवार झाले की कुठला आठवडा जड गेला ते तिलाच कळेल. फेरीतल्या घोषणा संध्याकाळपर्यंत विसरतात, पण स्वतःच्या अक्षरात लिहिलेला आकडा डोळ्यांसमोर राहतो.

आता पहिला प्रश्न. तुमचा संशय अगदीच चुकीचा नाही. घरगुती दराचे टप्पे असतात : 100 युनिटपर्यंत एक, मग 300पर्यंत, मग 500पर्यंत, मग त्याच्या पुढचा. वरच्या टप्प्यातला ग्राहक महाग दर भरतो आणि त्याच्या जिवावर खालच्याला स्वस्त वीज मिळते. तो वरचा ग्राहक कमी झाला तर कुठल्याही वीज कंपनीला आनंदाच्या उकळ्या फुटत नाहीत. हे भाषणात कुणी सांगत नाही, मी सांगतो.

पण संध्याकाळी सहा ते दहाची गोष्ट निराळी. सगळ्या घरांत एकदम दिवे, टीव्ही, मिक्सर, पाण्याची मोटर. त्या चार तासांसाठी कंपनीला महाग वीज विकत घ्यावी लागते, तारा आणि ट्रान्सफॉर्मर तेवढ्या भाराचे ठेवावे लागतात. शिवाय तार तापते ती करंटच्या वर्गानं. करंट दुप्पट झाला तर तारेत वाया जाणारी वीज चौपट. म्हणून रात्री आठला वाचवलेलं युनिट आणि पहाटे चारला वाचवलेलं युनिट, मीटरवर सारखं दिसलं तरी सारखं नसतं. नव्या टीओडी मीटरवर, म्हणजे कुठल्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणाऱ्या मीटरवर, सकाळी 9 ते संध्याकाळी 5 वापरलेल्या विजेला सवलत देतात, ती याच हिशेबानं.

आणि लोकांना बरोबर घेतलं तर काय होतं ते मी एकदा टाँगटेस्टरवर पाहिलंय. टाँगटेस्टर म्हणजे तारेला चिमट्यासारखा धरून करंट मोजायचं यंत्र. 2005-06 सालचं लोडशेडिंग आठवतं ना? पोरं कंदिलावर अभ्यास करायची. त्या काळात महावितरणची अक्षय प्रकाश योजना आली. सौदा साधा होता : गावानं मिळून ठरवायचं की संध्याकाळी शेतातल्या मोटारी, गिरणी, शेगडी काही चालवणार नाही, तारेवर टाकलेले वीजचोरीचे आकडे काढून टाकू, घरात फक्त दिवे, पंखा, टीव्ही. बदल्यात संध्याकाळची वीज जाणार नाही.

उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या पारावर बैठक बसली. गिरणीवाला तयारच होईना. म्हणाला, बाया रानातून येतात दिवस मावळल्यावर, दळण काय मध्यरात्री देऊ? तासभर कालवा. शेवटी एक म्हातारी म्हणाली, दळण सकाळी रानात जाताना टाकू आणि येताना नेऊ, त्यात काय एवढं. साहेबांना, सरपंचाला आणि मला न सुचलेली गोष्ट तिनं सांगितली. गावाची डीपी 100 केव्हीएची. पूर्ण भाराला तिनं प्रत्येक फेजला साधारण 133 अँपिअर द्यायचे. बैठकीच्या आदल्या रात्री टाँगटेस्टर दीडशेच्या पुढं दाखवत होता आणि डीपी म्हशीसारखी घुमत होती. आठवड्यानं त्याच वेळी लावला तर चाळीसच्या आत. मी यंत्र बिघडलं म्हणून झटकून पुन्हा लावलं.

आकडे काढायला पोलीस लागले नाहीत. एकानं टाकला की अख्ख्या गावाची टीव्हीवरची मालिका जायची, मग शेजारीपाजारीच त्याच्या दारात उभे राहायचे.

प्रश्न : आमच्या उशाशी 1320 मेगावॉटचं केंद्र आहे. चिमणी घरातून दिसते. तरी आमच्याच गावची वीज जाते. हा कुठला न्याय? – एक शेतकरी, दक्षिण सोलापूर तालुका

दादा, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. फताटेवाडीच्या एनटीपीसी केंद्रात 660चे दोन संच आहेत. ती वीज तुमच्या गावासाठी वेगळी काढलेली नसते, ती देशभरच्या तारांच्या जाळ्यात, म्हणजे ग्रीडमध्ये, पडते. नदीकाठी राहून नळाला पाणी नसावं तसं हे. आणि जाळ्याचं म्हणाल तर सोलापूर त्यात मोठ्या नाक्यावर आहे. 31 डिसेंबर 2013ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड बाकीच्या देशाला जोडलं गेलं. म्हणजे अख्ख्या भारताची गाठ आपल्या अंगणात बांधली आणि आपण अंधारात, असं तुमचं म्हणणं.

पण तुमची वीज जाते ती वरून नाही, गावातल्या डीपीवरून. पत्राच्या खाली तुम्ही लिहिलंय की मोटारीला ऑटोस्विच आहे. तिथंच घोडं पेंड खातंय. वीज आली की वीस मोटारी एकाच क्षणी उठतात, आणि प्रत्येक मोटार उठताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. डीपीचा फ्यूज उडतो, कुणीतरी जाड तार बांधतो, पुढच्या खेपेला डीपीच जळते. मग ट्रॅक्टर घेऊन नवी आणायला तुम्हीच पळता आणि उभा ऊस वाळतो.

ऑटोस्विच काढा, आणि मोटारीला कपॅसिटर बसवा. तो काही शेकड्यांत मिळतो, डीपीवरचा करंट कमी होतो, टोकाच्या शेतातही मोटार जोर धरते. मात्र एकट्यानं बसवून भागत नाही. एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसवला तरच फरक पडतो. सुरुवात कुणाच्या बांधावरून करायची, हे भांडण मी सोडवू शकत नाही.

प्रश्न : घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये सहा लूम आहेत, टॉवेल काढतो. बिलानं कंबर मोडली. मोटारी बदलाव्यात का? – एक यंत्रमागधारक, अशोक चौक परिसर

आधी शेडमध्ये वर बघा. तुम्ही लिहिलंय बारा ट्यूब आहेत, जुन्या, चोकच्या. 40ची ट्यूब आणि चोक मिळून 52 वॅटच्या आसपास खातात. त्या जागी 20 वॅटची एलईडी लावली तर एका ट्यूबमागं 32 वॅट वाचतात. बारा ट्यूब, बारा तासांची पाळी, महिन्याचे 26 दिवस : 120 युनिट होतात. मोटारीला हात न लावता.

मग मोटारी. किती वेळा वाइंडिंग केलंय? दोन-तीनदा भरलेली मोटार कामाला तेवढीच लागते पण वीज जास्त ओढते आणि हाताला चटका बसेल इतकी तापते. जी मोटार पुन्हा जळेल तीच बदला, सहाही एकदम बदलायला कर्ज काढू नका. तोवर रोज पाळी संपली की मोटारीवरचा कापसाचा भुसा ब्रशनं झाडा. तो गोधडीसारखा बसतो आणि मोटारीचा जीव गुदमरतो. पट्टा सैल असेल तर रबर जळल्याचा वास येतो, तो वास म्हणजे बिलच आहे. हे मला एका पद्मशाली म्हाताऱ्या कारागिरानं शिकवलं. तो मीटरकडं न बघता, नुसत्या आवाजावरून कुठला लूम वीज खातोय ते सांगायचा.

प्रश्न : छतावर सोलर बसवायचं आहे. अनुदान किती? वीज गेली तरी घरात चालू राहील ना? आणि सोलापुरात पॅनल धुवायला पाणी कुठून आणायचं? – एक निवृत्त शिक्षक, होटगी रोड

गुरुजी, 2024च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला 30,000 रुपये आणि 3 किलोवॉट किंवा जास्तीला एकूण 78,000 रुपये अनुदान आहे. आपल्याकडच्या उन्हात 3 किलोवॉटला महिन्याला साडेतीनशे युनिटच्या आसपास धरा, पावसाळ्यात कमी. तीनशे चौरस फूट बिनसावलीची जागा लागेल. पाण्याची टाकी आडवी येत नाही ना, ते सकाळी, दुपारी आणि चारला असं तीनदा वर जाऊन बघा.

वीज गेली की साधं सोलरही बंद होतं. लोक यावर चिडतात. पण ते आम्हा लोकांसाठी आहे. लाइन बंद समजून मी खांबावर चढलो आणि तुमच्या छतावरून उलटी वीज आली, तर? वीज गेल्यावरही हवी असेल तर बॅटरीची वेगळी व्यवस्था करावी लागते, ती महाग पडते.

पाण्याचं तुमचं बरोबर आहे. चार-पाच दिवसाआड नळ, त्यात पॅनलना अंघोळ कोण घालणार! पहाटे ऊन यायच्या आत ओल्या फडक्यानं पुसून घ्या. बादलीभर पुरतं, आणि ती बादली नंतर कुंड्यांना. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मात्र ओतू नका.

प्रश्न : काका, आमची आजी रात्री झोपताना झिरोचा बल्ब लावते. ती म्हणते त्याला वीज लागतच नाही, म्हणून नाव झिरो. खरं का? – इयत्ता सातवी

बाळा, आजीच्या काळात ते जवळपास खरं होतं. जुन्या चकतीच्या मीटरला एवढासा करंट कळायचाच नाही, चकती हलायची नाही, म्हणून झिरो म्हणायचे. पण तो तारेचा जुना झिरो बल्ब 12 ते 15 वॅट खातो, आणि आताच्या मीटरला सगळं कळतं. रात्रीचे नऊ तास धरले तर महिन्याला चार युनिट. बाजारात अर्ध्या वॅटचा एलईडी झिरो मिळतो. आजीला हिरवा आवडतो की लाल, ते विचारूनच आण. आमच्या घरी मी न विचारता निळा आणला होता, तो आठ दिवसांत परत करावा लागला.