‘२५ टक्के सूट’ म्हणजे हातात किती?

प्रश्न : पुण्यात कोथरूडला राहतो, ऑफिस कल्याणीनगरला. हल्ली वनाझहून मेट्रोने जातो, त्यामुळे गाडी शनिवार-रविवारीच बाहेर निघते. चार वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, १,१९७ सीसी, आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) ४,६०,००० रुपये. आजवर एकही क्लेम नाही. गेल्या वर्षी ४,६०० किलोमीटर झाले. नेहमीच्या पॉलिसीचे नूतनीकरण १३,८२५ रुपयांना आहे. तीच कंपनी ‘चालवाल तेवढे भरा’ हा पर्यायही देते : ५,००० किलोमीटरच्या मर्यादेला २५ टक्के सूट, ७,५०० ला १५ टक्के. कोणता घेऊ? की गाडी उभीच असते, तर नुसता थर्ड पार्टी (दुसऱ्याचे नुकसान भरून देणारा विमा) काढू? कोटेशन सोबत जोडले आहे.

उत्तर : ७,५०० चा टप्पा घ्या. नुसत्या थर्ड पार्टीवर मात्र अजिबात जाऊ नका.

आधी कोटेशन फोडून पाहू. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओडी, ९,००० रुपये; ४५ टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) वजा होऊन ४,९५०. झिरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने बिघडलेल्या इंजिनचे संरक्षण) आणि रोडसाइड असिस्टन्स (रस्त्यात गाडी बंद पडल्यास मदत) ही ॲड-ऑन, म्हणजे जोड-संरक्षणे, मिळून ३,३५०. थर्ड पार्टी ३,४१६. बेरीज ११,७१६, त्यावर १८ टक्के जीएसटी २,१०९.

किलोमीटरची सूट यातल्या फक्त ओडीवर बसते. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये या प्रकाराला परवानगी दिली तीच मुळी ओडीसोबतचे ॲड-ऑन म्हणून. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते. १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीसाठी जून २०२२ पासून लागू झालेला दर ३,४१६ आहे आणि गाडी वर्षभर झाकून ठेवली तरी तो तेवढाच. तुमच्या कोटेशनमध्ये ॲड-ऑनच्या हप्त्यालाही सूट नाही. म्हणजे २५ टक्के निघतात ते ४,९५० चे : १,२३७ रुपये ५० पैसे, जीएसटी धरून १,४६०. एकूण हप्त्याच्या हिशेबाने ही सूट साडेदहा टक्क्यांच्या आसपास आहे. ७,५०० च्या टप्प्यात जीएसटीसह ८७६ रुपये वाचतात.

दोन्ही टप्प्यांतला फरक ५८४ रुपयांचा. एवढ्यासाठी तुम्ही २,५०० किलोमीटरची मोकळीक सोडून देता, आणि ४,६०० वरून ५,००० गाठायला फार काही लागत नाही. कोल्हापूरला एकदा जाऊन आलात तरी साडेचारशेच्या वर होतात. नागपूरचे एखादे लग्न निघाले तर जाऊन-येऊन चौदाशेच्या पुढे. शिवाय ४,६०० हा आकडा एकाच वर्षाचा आहे. मागच्या दोन-तीन सर्व्हिसिंगची बिले काढा. प्रत्येकावर तारीख आणि ओडोमीटरचे रीडिंग असते. त्यातून दर वर्षाचे किलोमीटर काढा आणि सर्वांत जास्त चाललेले वर्ष धरा, सरासरी नको. मेट्रो सुरू करण्याआधीचे वर्ष त्यात धरायचे की नाही, हे नोकरी याच मार्गावर राहणार का यावर ठरवा.

मर्यादा ओलांडल्यावर काय होते, हे पॉलिसीच्या शब्दांवर अवलंबून असते. कुठे टॉप-अप, म्हणजे जादा किलोमीटर, विकत घेता येतो, कुठे क्लेमच्या रकमेतला काही हिस्सा तुमच्यावर पडतो, कुठे ओडीचा क्लेमच नाकारला जातो. थर्ड पार्टीचे संरक्षण चालू राहते, पण स्वतःची गाडी उघडी पडते. म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीकडून ई-मेलवर लेखी घ्या : टॉप-अप मर्यादा संपण्याआधीच घ्यावा लागतो का, त्याचा दर काय, आणि अपघाताच्या दिवशी रीडिंग मर्यादेच्या पुढे असेल तर नेमके किती मिळणार. एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

रीडिंग मोजण्याची पद्धतही विचारा. फोटो किंवा व्हिडिओवर काम भागत असेल तर उत्तम. पॉलिसी सुरू होण्याच्या दिवशी नंबर प्लेटपासून सुरू करून चालू ओडोमीटरपर्यंत सलग व्हिडिओ काढा आणि स्वतःकडे जपून ठेवा. पुढे मीटरचा क्लस्टर बदलावा लागला तर जुने-नवे रीडिंग लिहिलेले वर्कशॉपचे बिल लगेच कंपनीला पाठवा, नाहीतर आकडे जुळत नाहीत. स्टीअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये (गाडीचे बिघाड तपासायच्या सॉकेटमध्ये) किलोमीटर मोजणारे उपकरण लावणार असतील तर एक लक्षात ठेवा : ते गाडी उभी असतानाही थोडी वीज खाते. दोन-तीन आठवडे न हललेल्या गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आधीच कमकुवत असते.

मोबाइल ॲपवर ड्रायव्हिंगचे गुण देऊन सूट ठरवणारा प्रकार तुमच्यासाठी नको. तुम्ही रोज बस-रिक्षात बसलात तरी काही ॲप तो प्रवास तुमच्या ड्रायव्हिंगमध्ये धरू शकतात, आणि ‘मी प्रवासी होतो’ असे दर वेळी नोंदवत बसावे लागते. त्यात अचानक ब्रेक दाबला की गुण कापले जातात. कर्वे रोडवर डावीकडून दुचाकी आडवी आली तर ब्रेक दाबावाच लागतो, आणि तो दाबलाच पाहिजे.

आता थर्ड पार्टी. किलोमीटर कमी झाले की धडकेचा धोका कमी होतो, हे खरे. चोरी, आग, झाड पडणे आणि पाणी यांना गाडी चालते की उभी आहे याच्याशी देणेघेणे नाही, आणि ही चारही ओडीमध्ये येतात. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या. त्या उभ्याच होत्या. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने तेच केले. ४,६०,००० ची वस्तू नऊएक हजारांसाठी उघड्यावर टाकू नका. तुमचे पार्किंग तळघरात असेल तर इंजिन प्रोटेक्टही काढू नका. साध्या ओडीमध्ये पुराचे नुकसान मिळते, पण पाणी शिरलेल्या इंजिनला चावी मारली, पिस्टन पाणी दाबू न शकल्याने कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपनी त्याला पुढचे, टाळता येण्यासारखे नुकसान म्हणते आणि हात वर करते. इंजिन प्रोटेक्ट असले तरी पाण्यातून काढलेली गाडी सुरू करून पाहू नका, टो करूनच न्या. झिरो डेपही राहू द्या. ते नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागाचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून जातात.

खरी मोठी बचत तुमच्या बोनसमध्ये आहे. पुढच्या वर्षी तो ५० टक्के होईल. ९,००० च्या ओडीवर ते जीएसटीसह ५,३१० रुपये झाले, किलोमीटरच्या सुटीच्या सहापट. त्यामुळे चार हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम करू नका, स्वतः दुरुस्त करा. कंपनी बदलायची वेळ आली तर बोनस तुमच्यासोबत येतो, फक्त टक्केवारी जुन्या पॉलिसीवर लिहिलेली असेल तीच सांगा. चुकीची सांगितली तर क्लेमच्या वेळी उघड होते. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर बोनस शून्यावर येतो, आणि एक दिवस जरी खंड पडला तरी गाडीची तपासणी मागतात. टप्प्यावरून कंपनीशी ई-मेल चालू असतानाच मुदत संपत आली, तर उत्तराची वाट पाहू नका. नेहमीचीच पॉलिसी भरून मोकळे व्हा. ८७६ रुपये जातील, पण खंड पडणार नाही.