प्रश्न: अन्नधान्य महाग झालं की विकसनशील देशाच्या अर्थव्यवस्थेवर काय परिणाम होतो?

पगार पोटातच संपतो, हा परिणाम. २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत खेड्यातल्या कुटुंबांचा ४६ टक्के खर्च खाण्यावर होता. डाळ महागली की माणूस चप्पल पुढच्या महिन्यावर ढकलतो, मग चप्पलवाला बसतो. तेव्हाच्या महागाई निर्देशांकातही खाण्यापिण्याचा वाटा ४५.८६ टक्के, म्हणून भाजी भडकली की रिझर्व्ह बँक व्याजदर उतरवायला कचरते. झालं पुस्तकी उत्तर.

सरकारही कचरतं, आणि मग पहिला हात आमच्या ट्रॉलीला घालतं. मी नाशिककडच्या निफाड तालुक्यातला, कांदा पिकवतो. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली. आदल्या दिवशी क्विंटलला साडेतीन हजारांच्या पुढं भाव निघालेला, म्हणून आम्ही रात्री बॅटरीच्या उजेडात ट्रॉली भरली. सकाळी लिलावच बंद. उन्हाळ कांदा असता तर साठवणीच्या कांदाचाळीत टाकला असता, हा लाल. तो थांबत नाही. चौथ्या दिवशी ताडपत्री उचलली तर तोंडावर वाफ आली, खालच्या कांद्यात बोट रुतत होतं. सतराशेनं दिला. डिझेल त्यातूनच.

त्याच आठवड्यात पुण्याहून साडूंचा फोन: "मजा आहे तुमची, इथं पन्नास रुपये किलो!" साडूंना वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढून मिळतो.

तर साडू, वाचत असाल तर ऐका. निर्देशांकात कांद्याचा वाटा होता ०.६४ टक्के. तुम्ही कांद्याला एक रुपया देता त्यातले शेतकऱ्याच्या हातात ३६ पैसेच येतात, हा हिशेब रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनीच २०२४ मध्ये मांडलाय. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात दर आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावून. तोवर आमचा लाल कांदा कधीच संपला होता. शहराला स्वस्त खायचंय ना, मग सरकारनं बाजारभावानं घेऊन तोट्यात विकावा. साडू म्हणतात, आमचा कर वाढेल. वाढू दे की!

हां, एक राहिलं. आमच्याकडं काढणीला येणाऱ्या बायांना महागाई खरंच जड जाते. रेशनचं धान्य फुकट आहे, पण तेल विकतच. वीस रुपयांचं मागितलं की बाटलीचा तळ जेमतेम झाकतो, आणि मजुरी वाढते वर्षातून एकदा, तीही भांडून, माझ्याशीच. त्यांनी तक्रार केली तर मान खाली घालून ऐकतो. साडूंची नाही ऐकणार.