दोन रियाजांच्या मधली वेळ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. कथकच्या विशारद परीक्षेला दोन महिने उरले आहेत, सकाळी सहा ते आठ घरी रियाज, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा अडीच तासांचा वर्ग, आणि गुरुवार उजाडेपर्यंत पोटऱ्या इतक्या आवळून येतात की चौगुनीतली, म्हणजे चौपट लयीतली, ततकारही (पायांनी बोल वाजवणेही) जड पडते, असे तू लिहिले आहेस. यातून लवकर सावरण्यासाठी एखादे तेल, एखादी पावडर किंवा बर्फाचा उपाय सुचवा, असा तुझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मी शेवटाकडे देणार आहे, कारण या सगळ्यात त्या उपायांचा वाटा खरोखरच सर्वांत लहान आहे.

आधी दुखते ते का, हे समजून घे. पायांत लॅक्टिक अॅसिड साचते आणि म्हणून दुसऱ्या दिवशी दुखते, असे आपल्या वर्गांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. पण ते अॅसिड रियाज संपल्यावर साधारण तासाभरात रक्तातून निवळलेले असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी जे दुखते ते स्नायूंच्या तंतूंना पडलेल्या अतिसूक्ष्म चिरांमुळे, आणि अशा चिरा सर्वाधिक पडतात त्या स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार पेलावा लागतो तेव्हा. चक्करदार परण, म्हणजे तीनदा म्हटला जाणारा जोरकस बोलांचा तुकडा, संपवून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) तू जो पक्का थांबा घेतेस, किंवा उत्प्लावनानंतर, म्हणजे उडीनंतर, जमिनीवर येतेस, तो नेमका असा क्षण असतो. सवयीच्या कामाने हे दुखणे कमी होत जाते; म्हणूनच गणपतीच्या सुटीनंतरचा पहिला आठवडा तुला एवढा जड गेला होता.

हे स्नायू दोन-तीन दिवसांत सावरतात. त्यांत साठवलेले इंधन, म्हणजे पिष्टमय अन्नातून येणारी साखर, पूर्ण भरून यायला नीट जेवल्यास सुमारे २४ तास लागतात. हाडांचा वेग मात्र याहून फारच मंद असतो, आणि तो आपल्याला आतून जाणवत नाही. स्नायू मोकळे झाले म्हणून तू पुन्हा जोराने पाय मारतेस, त्या वेळी नडगीच्या आणि पावलाच्या हाडांची डागडुजी अजून चालूच असते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. चोविसाव्या वर्षी एका कार्यक्रमाच्या आधी माझ्या उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढ्या जागी दुखू लागले. मी वेदनाशामक गोळ्या घेतल्या, पट्टी बांधली आणि तीन आठवडे रियाज तसाच चालू ठेवला. कार्यक्रम झाला, आणि त्यानंतर मला पाय टेकता येईना. पावलाच्या हाडाला ताणामुळे तडा गेला होता. दोन महिने घुंगरू कपाटात राहिले, आणि तडा जाण्यापूर्वीची लय परत यायला त्याहून बराच अधिक काळ लागला. पहिल्या आठवड्यातच थांबले असते तर बहुधा थोडक्यात निभावले असते. म्हणून तुझ्या पोटऱ्यांची मला तितकी काळजी वाटत नाही, पण पत्राच्या कडेला तू सहज लिहून गेलीस की डाव्या नडगीवर एका जागी दाबले तर दुखते, त्या ओळीची फार काळजी वाटते. पसरलेले दुखणे हालचालीने हळूहळू मोकळे होते. एका बोटाखाली मावणारे, रियाजात वाढत जाणारे किंवा रात्री झोपेतून उठवणारे दुखणे हाडाचे असू शकते. या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव. सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रे निर्दोष दिसला तरी तडा नाहीच असे ठरत नाही, हे लक्षात ठेव आणि दुखणे राहिले तर पुन्हा विचार. त्या जागेवर कोणाकडूनही जोराने मालिश करून घेऊ नकोस.

आता आठवड्याच्या आखणीबद्दल लिहिते, कारण लवकर सावरण्याचे सर्वांत मोठे साधन तेच आहे. तुझ्या रियाजाचे सातही दिवस सारखे आहेत, आणि रोज दोनदा तू त्याच हाडांना, त्याच पोटऱ्यांना, त्याच जोराने कामाला लावतेस. नडगीबद्दल डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर जोरकस पदन्यासाचे दिवस आठवड्यातून तीनच ठेव, आणि शक्यतो त्यांच्यामध्ये एक दिवस जाऊ दे. पदन्यासाच्या दिवशीही सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा घुंगरू बांधू नकोस. एका पायातले शंभर घुंगरू एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहा, म्हणजे हजारो वेळा पाय उचलताना तू किती वजन उचलतेस ते कळेल. उरलेल्या दिवशी बसून पढंत कर, म्हणजे बोल तोंडाने म्हण, हातावर ताल धरून चौदा मात्रांच्या धमारातल्या तिहाया (तीनदा म्हणून समेवर संपणारे तुकडे) म्हण, हस्तके म्हणजे हातांच्या हालचाली आणि गतभाव म्हणजे चालीतून कथा मांडणे यांचा सराव कर, ठुमरीतल्या एकाच ओळीचा अभिनय अर्धा तास घोळव. परीक्षेत पढंत विचारली जातेच, आणि तुझी पढंत तुझ्या पायांच्या मानाने कच्ची आहे हे तुलाही ठाऊक आहे. सोळा मात्रांच्या तीनतालाच्या नवव्या मात्रेवर टाळी पडत नाही, तिथे खाली असते, पण ती मात्रा गाळून कोणी सोळा मोजत नाही. हलका दिवस आठवड्यात तसाच मोजायचा असतो.

चिल्ल्याच्या गोष्टी तू ऐकल्या आहेस, चाळीस दिवस अखंड साधना करणाऱ्यांच्या. त्या ऐकून तुला अपराधी वाटते असे तू लिहिलेस, ते वाचून वाईट वाटले. चिल्ल्यात बसणारा साधक त्या दिवसांत संसारापासून दूर असे. त्याला लोकलच्या गर्दीत दीड तास उभे राहायचे नसे, प्रॅक्टिकल्स नसत, रात्री असाइनमेंट लिहायची नसे. ते सगळे तुझ्या शरीराच्या त्याच खात्यातून खर्च होते.

झोपेबद्दल मी कठोरपणे सांगणार आहे. तू साडेपाच तास झोपतेस. तुझ्या वयाला किमान सात, आणि एवढ्या मेहनतीला आठ तास हवेत, कारण दुरुस्तीसाठी लागणारे वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेतच स्रवते आणि दिवसभरात पाठ केलेले बोलही झोपेतच पक्के होतात. रात्री अकरानंतर वर्गाचे व्हिडिओ पाहून चुका शोधणे बंद कर. ते काम दुपारी कर. पहाटेचा रियाज झोप कापून होत असेल, तर आठवड्यातले तीन पहाटेचे रियाज सोडून दे. हे वाक्य लिहिताना मला संकोच वाटला, पण ते मी विचार करूनच लिहिले आहे. दुपारी वीस-पंचवीस मिनिटे पडता आले तर तेही मोलाचे आहे.

जेवणाबाबत तू लिहिले नाहीस, आणि मला तेच खटकले. वर्गातल्या आरशासमोर उभ्या राहणाऱ्या मुली रात्री साडेनऊला घरी येऊन दोन बिस्किटे आणि चहा घेऊन झोपतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. सकाळी सहाला पाय उचलणार आहेत ते त्याच बिस्किटांच्या जोरावर. वर्ग सुटताच, घुंगरू सोडतानाच काही तरी खा: केळे आणि दाण्याची चिक्की, किंवा राजगिऱ्याचा लाडू आणि दूध. दोन रियाजांत अंतर कमी असेल तेव्हा ही पहिली एक-दोन तासांची वेळ विशेष उपयोगी पडते, कारण स्नायू तेव्हा साखर सर्वांत वेगाने भरून घेतात. मग घरी भात किंवा भाकरी, आमटी, उसळ, दही असे पूर्ण जेवण. प्रथिनांसाठी रोज शरीराच्या दर किलोमागे साधारण दीड ग्रॅम धर. तुझ्या ५० किलो वजनाला ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. म्हणजे एका वाटी आमटीवर हे भागत नाही, प्रत्येक जेवणात त्याची सोय करावी लागते. नवरात्राचे नऊ दिवस तू उपवास करतेस, त्याचा मी आदर करते. त्या दिवसांत पदन्यास हलका ठेव, आणि नुसत्या साबुदाण्यावर न राहता दाण्याचा कूट, दही, राजगिरा आणि भगर घे.

एक गोष्ट कोणी मोकळेपणाने विचारत नाही म्हणून मी विचारते. तुझी पाळी नियमित येते का? कमी खाऊन जास्त नाचणाऱ्या मुलींची पाळी लांबते किंवा बंद होते, आणि त्याच काळात त्यांची हाडेही ठिसूळ होऊ लागतात. पाळी गेली म्हणजे मेहनत अंगी लागली, असे मानणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. ते अतिशय घातक आहे. तीन महिने आली नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. रक्तातील हिमोग्लोबिनही तपासून घे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, आणि रक्तक्षय असताना कोणताही रियाज दमवणारच. जेवणाबरोबर चहा घेऊ नकोस, त्याने लोह कमी शोषले जाते. त्याऐवजी उसळीवर लिंबू पिळ.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. वर्गाच्या आधी आणि नंतर वजन कर. जितके किलो कमी भरेल त्याच्या दीडपट लिटर पाणी, मीठ घातलेले ताक किंवा लिंबूसरबत पुढच्या काही तासांत थोडे थोडे घे.

आता तुझ्या तेलाविषयी आणि बर्फाविषयी. हलक्या मालिशने दुखणे थोडे कमी होते, गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसल्याने बरे वाटते. दोन्ही अवश्य कर. थंड पाण्याने दुखणे कमी जाणवते, म्हणून लागोपाठ दोन दिवस कार्यक्रम असतील तेव्हा ते उपयोगी आहे. रियाजानंतर ताण देण्याने दुसऱ्या दिवशीचे दुखणे फारसे कमी होत नाही, तरी वर्ग संपताच मटकन खाली बसण्याऐवजी दहा मिनिटे ठाय लयीत संथ ततकार करावी, चालावे, श्वास खाली आणावा. पावडरींवर पैसे घालवू नकोस. त्या पैशांची अंडी आण.

तालाच्या वहीच्या मागच्या पानांवर रोज सकाळी तीन आकडे लिही: झोपेचे तास, अंथरुणातून उठण्यापूर्वीची नाडी, आणि दहापैकी दुखण्याचे गुण. नाडी दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा बरीच वर राहिली, तर त्या दिवशीचा पदन्यास पढंतीत बदल. मला विचारण्याची गरज नाही.

डॉक्टरांना दाखवून झाले की रविवारी सकाळी माझ्याकडे ये. घुंगरू आणू नकोस, वही मात्र आण. धमाराची ती तिहाई अजून चौदाव्या मात्रेवरच संपते आहे, समेवर येत नाही. ती आपण बसूनच सोडवू. येताना पोटभर नाश्ता करून ये.

तुझी,
ताई