दोन कारखान्यांत वेगळा झालेला कोड जुळवायला कोणतं टूल घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या दोन टॉवेल कारखान्यांना एकच पीएचपीचं बिलिंग सॉफ्टवेअर दिलं, मग मालकांच्या सांगण्यावरून दोन्हीकडे जागेवरच बदल होत गेले, आणि आता पुन्हा एकच कोड करायचाय. मशीन विंडोजचं. फाइलींची तुलना करणाऱ्या टूलपैकी कोणतं घ्यावं: विनमर्ज, मेल्ड, केडिफ३ की बियाँड कंपेअर?

फरक बघायला विनमर्ज आणि एकत्र करायला केडिफ३ घ्या. दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स. पण टूल उतरवून घ्यायच्या आधी तुम्ही सुरुवातीला दिलेली मूळ प्रत शोधा. जुनी झिप, मेलची अटॅचमेंट, पेन ड्राइव्ह, कुठूनही काढा. एका कारखान्याच्या फाइलमध्ये जीएसटी राउंड ऑफची ओळ आहे आणि दुसरीकडे नाही, तर ती इथे नंतर घातली की तिथून काढली? नुसत्या दोन प्रती समोरासमोर ठेवून कुठलंच टूल हे सांगू शकत नाही. मूळ प्रत मिळाली की तीच ‘बेस’ होते, आणि केडिफ३ एकाच बाजूला झालेले बदल आपसूक घेतं. दोन्हीकडे तीच ओळ बदललेली असेल तिथेच थांबून तुम्हाला विचारतं. तुमचं निम्म्याहून जास्त काम इथेच हलकं होईल.

आता विनमर्जची मांडणी. सर्व्हरवरच्या चालू फोल्डरवर थेट तुलना करू नका, प्रत उतरवून घ्या. आणि फोल्डर निवडायच्या खिडकीत दोन्ही बाजूंना ‘रीड-ओन्ली’वर टिक करा. नाहीतर चुकून एक बाण दाबला जातो, सेव्ह होतं, आणि कुठली फाइल कुणाची होती तेच कळत नाही. फिल्टरमध्ये व्हेंडर (बाहेरून आणलेला तयार कोड), कॅशे, अपलोड्स आणि लॉगची फोल्डरं वगळा. तुलनेची पद्धत ‘फुल कंटेंट्स’ ठेवा. तारखेवर जाऊ नका: एफटीपीने उतरवलेल्या फाइलला बऱ्याचदा आजचीच वेळ लागते, आणि झिपमध्ये वेळ साधारणपणे दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच साठते.

पहिल्याच तुलनेत जवळजवळ सगळ्या फाइली वेगळ्या दिसल्या तर घाबरू नका. १,००० ओळींच्या फाइलच्या आकारात बरोबर १,००० बाइटचा फरक असेल, तर तो ओळीच्या शेवटाचा आहे: विंडोज दोन चिन्हं लावतं, लिनक्स एक. सेटिंगमध्ये हा फरक दुर्लक्षित करायची सोय आहे, ती चालू करा. फरक ३ बाइटचाच असेल तर बीओएम बघा, म्हणजे फाइलच्या अगदी सुरुवातीला बसणारं, एन्कोडिंग सांगणारं न दिसणारं चिन्ह. फोल्डरच्या यादीत एन्कोडिंगचा कॉलम जोडता येतो, त्यात दिसतं. हा फरक मात्र सोडून देऊ नका. पीएचपीच्या उघडणाऱ्या टॅगआधी बीओएम बसला की ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’चा इशारा येऊ शकतो आणि लॉगिन किंवा रीडायरेक्ट बिघडतं.

मराठी मजकुराचं एक वेगळंच आहे. बिलावरचं ‘व्यापाऱ्याचे नाव’ दोन्ही फाइलींत डोळ्यांना सारखं दिसतं, तरी टूल ती ओळ रंगवतं. कारण एका कीबोर्डने ‘ऱ’ हे अक्षर आणि हलन्त लिहिलेलं असतं, तर दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं चिन्ह. यूटीएफ-८मध्ये पहिलं ६ बाइट, दुसरं ९. टूल बरोबरच सांगतंय. सगळीकडे एकच रूप करून टाका, कारण कोडमध्ये या दोन शब्दांची तुलना केली तर ते जुळणार नाहीत.

‘इग्नोर व्हाइटस्पेस’ फक्त वाचताना वापरा, एकत्र करताना बंद. अवतरणातली एखादी स्पेस गेली तरी छापील बिलाचे रकाने सरकतात.

लिनक्सवर काम असेल तर मेल्ड घ्या, तिथे ते छान चालतं आणि तीन बाजूंनी तुलनाही करतं. बियाँड कंपेअरला पैसे पडतात, आणि थ्री-वे मर्जसाठी, म्हणजे मूळ प्रत धरून दोन्ही प्रती एकत्र करायला, त्याची प्रो आवृत्तीच लागते. सर्व्हरवरचं फोल्डर एसएफटीपीने थेट उघडायची गरज रोज पडत असेल तर तो खर्च वसूल होतो. तुमचं काम एकदाचं आहे, त्यासाठी नको.

केडिफ३ने ‘एकही कॉन्फ्लिक्ट नाही’, म्हणजे दोन्हीकडे बदललेली एकच ओळ कुठे नाही, असं म्हटलं म्हणजे कोड बरोबर झाला असं नाही. एका बाजूने फंक्शनचं नाव बदललं आणि दुसऱ्या बाजूने जुन्याच नावाने नवीन कॉल घातला, तर दोन्ही बदल वेगवेगळ्या ओळींवर असल्याने शांतपणे एकत्र होतात. पीएचपीची सिंटॅक्स तपासणीही हे पकडत नाही. म्हणून दोन्ही कारखान्यांचं प्रत्येकी एक खरं बिल, एक क्रेडिट नोट आणि एक स्टॉक रिपोर्ट नव्या कोडवर काढून जुन्याशी आकडे ताडून बघा.

डेटाबेसची रचनाही दोन्हीकडे वेगळी झालेली असणार, आणि फोल्डरच्या तुलनेत ती दिसत नाही. मायएसक्यूएल असेल तर डेटा न घेता फक्त टेबलांच्या रचनेचा डंप (मजकूर फाइल) काढा आणि त्या दोन फाइली विनमर्जमध्ये लावा. ऑटो इन्क्रिमेंटचे (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांचे) आकडे आणि शेवटची तारखेची ओळ वेगळी येणारच, ती आधी काढून टाका.