डोक्याला मार लागल्यानंतरचे झटके: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझा 6 वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला. डोकं आपटताक्षणी त्याचे हातपाय कडक झाले, थोडे थरथरले आणि अर्ध्या मिनिटात थांबले. सीटी स्कॅन नॉर्मल आहे. त्याला पुढे अपस्मार (वारंवार झटके येण्याचा आजार) होईल का? आत्ताच औषध सुरू करावं का?

उत्तर: मार लागल्यानंतर झटका किती वेळाने आला, यावर जवळपास सगळं अवलंबून असतं. आपटल्यावर काही सेकंदांतच येऊन थांबलेला, आणि ज्यानंतर मूल पूर्ववत झालं असा झटका पाहणाऱ्याला घाबरवतो, पण स्कॅन नॉर्मल असेल तर त्याचा पुढच्या अपस्माराशी सहसा संबंध नसतो. पहिल्या 7 दिवसांत येणारे झटके ताज्या जखमेमुळे येतात. सूज, रक्तस्राव, रक्तातलं सोडियम घसरणं ही त्यांची नेहमीची कारणं. लहान मुलांमध्ये, विशेषतः 2 वर्षांखालच्या बाळांमध्ये, असे झटके मोठ्यांपेक्षा जास्त दिसतात. असा झटका आला तर मुलाला लगेच रुग्णालयात न्यायचं, आदला स्कॅन नॉर्मल असला तरीही.

7 दिवसांनंतर झटका आला तर गोष्ट वेगळी. तोवर जखमेच्या जागी व्रण धरू लागलेला असतो आणि झटका पुन्हा येण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून अशा वेळी पहिल्याच झटक्यानंतर औषध सुरू करण्याकडे डॉक्टरांचा कल असतो.

तुमच्या मुलाला औषधाची गरज दिसत नाही. सौम्य मारानंतर पुढच्या 5 वर्षांत अपस्मार होण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. गंभीर मारानंतर ते शंभरात दहाच्या आसपास जातं. गंभीर दुखापतीत फेनिटॉइन किंवा लेव्हेटिरासेटाम ही झटके रोखणारी औषधं देतात, तेही साधारण 7 दिवस. या औषधांनी पहिल्या आठवड्यातले झटके कमी होतात, पुढचा अपस्मार टळत नाही. म्हणून झटका आलेला नसताना 'खबरदारी म्हणून' महिनोन्‌महिने औषध देण्यात काहीच हशील नाही.

प्रश्न: चार महिन्यांपूर्वी माझ्या 8 वर्षांच्या मुलीच्या कवटीचं हाड आत दबलं होतं, शस्त्रक्रिया झाली. आता ती वर्गात 'मध्येच हरवते' असं बाई सांगतात. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल आला. मग हे लक्ष नसणंच समजायचं का?

उत्तर: नाही, एवढ्यावर तसं समजू नका. हाड आत दबणं, मेंदूत रक्त साकळणं, पहिल्या आठवड्यात झटका येणं या तिन्हींमुळे पुढच्या अपस्माराचा धोका वाढतो. साधा ईईजी अर्ध्या तासाचा असतो. त्या अर्ध्या तासात काही दिसलं नाही, एवढाच नॉर्मल रिपोर्टचा अर्थ.

तंद्री लागलेलं मूल खांद्याला हात लावला की भानावर येतं. झटक्यात ते येत नाही. अर्धा ते दोन मिनिटं नजर एका जागी खिळते. ओठ चाटणं, गिळल्यासारखं करणं, बोटांनी फ्रॉकची कड चिवडत राहणं दिसतं. नंतर काही वेळ मूल गोंधळलेलं किंवा पेंगुळलेलं असतं. बोलता बोलता किंवा घास हातात असताना खंड पडत असेल, तर संशय आणखी वाढतो. कंटाळवाण्या तासालाच असं होत असेल तर कमी.

पुढच्या वेळी मोबाइलवर चित्रण करा. चेहरा आणि दोन्ही हात एकाच चौकटीत येऊ द्या. नावाने हाक मारा, 'हात वर कर' म्हणा, एखादा शब्द सांगा, उदाहरणार्थ 'पतंग'. भानावर आल्यावर तो शब्द विचारा. आठवला नाही, तर त्या वेळी मेंदू ऐकत नव्हता. नंतर कोणता हात ढिला पडला, बोलणं अडखळलं का, तेही पाहा. त्यावरून झटका मेंदूच्या कोणत्या बाजूचा, याचा अंदाज येतो.

हे चित्रण दाखवून झोपेतल्या ईईजीबद्दल विचारा. आदल्या रात्री मुलीला किती जागवायचं ते केंद्रातून सांगतील. केस धुऊन कोरडे ठेवा, तेल लावू नका, कारण तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोड नीट बसत नाहीत. औषध चालू असेल तर सांगितल्याशिवाय बंद करू नका.

प्रश्न: मुलगा 11 वर्षांचा आहे. मारानंतर झटके येऊ लागले, लेव्हेटिरासेटामने थांबले. पण तो फार चिडतो, सांगितलेलं विसरतो, अभ्यासात मागे पडलाय. हे औषधामुळे की मेंदूला लागल्यामुळे?

उत्तर: तारखा मांडून बघा. औषध सुरू झाल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवस-आठवड्यांतच चिडचिड वाढली असेल तर औषधावर संशय घ्या. लेव्हेटिरासेटामने काही मुलं खरोखरच रागीट होतात. डॉक्टर डोस कमी करू शकतात किंवा औषध बदलू शकतात. आपल्या मनाने एकदम थांबवलं तर मात्र लांबलेला, न थांबणारा झटका येऊ शकतो.

विसरणं आणि मागे पडणं हे बहुधा दुखापतीचं. मेंदूचा पुढचा भाग आणि दूरच्या भागांना जोडणारे तंतू दुखावले, की माहिती हाताळण्याचा वेग मंदावतो आणि लक्ष टिकत नाही. मूल मंद नसतं. त्याला वेळ लागतो. लहान वयात मेंदू सगळं भरून काढतो, हा समज आम्हाला घातक वाटतो. नियोजन, संयम, अनेक गोष्टी एकदम सांभाळणं ही कामं वाढत्या वयात अंगावर पडतात. त्यामुळे पाचव्या वर्षी झालेली इजा कधीकधी दहाव्या-अकराव्या वर्षी उघडी पडते आणि शाळा त्याला आळशी ठरवते.

न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (स्मरण, लक्ष, विचार यांची तपासणी करणारे मानसशास्त्रज्ञ) चाचणी करून घ्या, वर्षभराने पुन्हा करा. तोवर शाळेकडे हे मागा: एका वेळी एकच सूचना आणि तीही लिहून, परीक्षेत जादा वेळ, 20-25 मिनिटांच्या कामानंतर विश्रांती. रात्रीची झोप मोडत असेल तर तेही सांगा. झोपेत येणारे झटके कुणाच्या लक्षात येत नाहीत आणि दिवसभर मूल चिडकं राहतं.

प्रश्न: घरी झटका आला तर नेमकं काय करायचं?

उत्तर: आधी घड्याळ बघा. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, गळ्याभोवतीचं सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. 5 मिनिटांत थांबला नाही तर नाकातून मिडाझोलाम (झटका थांबवणाऱ्या औषधाचा फवारा) द्यायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. डोस वजनावर ठरतो, बहुतेक वेळा किलोला 0.2 मिलिग्रॅम. म्हणजे 20 किलोच्या मुलाला 4 मिलिग्रॅम. चूक होते ती फवारे मोजताना: एका फवाऱ्यात किती मिलिग्रॅम, हे कंपनीगणिक बदलतं. आपल्या बाटलीचे किती फवारे, ते डॉक्टरांकडून लिहून घेऊन बाटलीलाच चिकटवा. मूल वाढलं, वजन बदललं की आकडाही बदलून घ्या.

झटका लवकर थांबला, पण मूल अर्ध्या तासातही शुद्धीवर आलं नाही, वारंवार उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत गेली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली किंवा नाका-कानातून पाण्यासारखा स्राव आला, तर तेव्हाही रुग्णालयच गाठायचं.