योजना फळली की नाही, हे कसं ओळखायचं?

प्रश्न : माझा पदवीधर मुलगा मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका सरकारी कार्यालयात लागला होता. मुदत संपली. आता बाइकवरून पार्सलं पोचवतो. बेरोजगारी घटली असं टीव्हीवर सांगतात. खरं काय मानायचं?
— एक आई, लालबाग

उत्तर : ताई, तुमचा मुलगा सरकारी आकड्यात रोजगारातच मोजला जातो. साप्ताहिक मोजणीत मागच्या सात दिवसांत एक तास जरी काम केलं, तरी माणूस बेरोजगार धरत नाहीत. आकडा खोटा नाही, पण पगार किती, पीएफ आहे का, शिक्षणाचा उपयोग होतो का, हे तो सांगत नाही. मला हे फार सलतं.

2024 साली ही योजना आली. बारावी झालेल्यांना 6,000, आयटीआय-पदविकावाल्यांना 8,000, पदवीधरांना 10,000 रुपये महिना. किती जणांना विद्यावेतन दिलं ही बेरीज म्हणजे खर्चाचा हिशोब. यश त्यावरून ठरत नाही. ज्यांनी अर्ज केला पण जागा मिळाली नाही, अशा मुलांशी तुलना करायला हवी. वर्षभराने दोघांत फरक दिसला, तरच श्रेय योजनेचं. आणखी एक : प्रशिक्षणार्थी मिळतो म्हणून कायम पद रिकामं ठेवलं, तर नोकरी वाढली कुठे?

तुम्ही माहिती अधिकारात अर्ज करा, शुल्क 10 रुपये. मुंबईतल्या किती प्रशिक्षणार्थींना नंतर नोकरी लागली आणि ती नोंद कोण ठेवतं, एवढंच विचारा.